कुणाला नको होत्या त्या कॅसेट

११ नोव्हेंबर १९८६
आज एकदाचं ते टीव्हीवर खेळायचं मशीन लावलं. मे महिन्यापासून ट्रंकेत तसंच होतं. का लावलं नाही, माहीत नाही. बायको सुलभा नऊच्या एसटीने वेंगुर्ल्याला गेली, कचेरीत. मग घरात मी आणि माडांचा आवाज. अँटेनाची वायर काढली, मशीनची खुपसली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. बटण फिरवत बसलो. रिकाम्या चॅनलवर शेवटी चित्र आलं. मूळचं रंगीत, आमच्या टीव्हीवर करडं. चालेल.

कॅसेट सहा आहेत. जहाजावर मेसमध्ये मोठं खोकं भरून होत्या. थर्ड मेटने, आमच्या एका अधिकाऱ्याने, जपानात नवं मशीन घेतलं, त्यातली चित्रं बघून सगळे वेडे झाले. जुनं समुद्रात टाकायला निघाले होते, तेव्हा मी मागितलं. तोवर पोरांनी नावाजलेल्या कॅसेट विकायला म्हणून वाटून घेतल्या होत्या. कुणाला नको होत्या त्या उरल्या. त्या मला.

सु. संध्याकाळी आली. वायरी बघितल्या. "बातम्यांच्या आदी पयल्यासारखा लावन ठेवा." एवढंच.

१२ नोव्हेंबर
बबनकडे जाऊन आलो. चुलतभाऊ. बाजारात त्याचं व्हिडिओचं दुकान, बाकडी टाकून पिक्चर दाखवतो. त्याच्याकडे फोन आहे म्हणून मुंबईत जहाजाचं काम देणाऱ्या एजंटला तोच नंबर दिलाय.
"इलो रे फोन?"
"इलो तर मी धावत येतलंय मरे."
जगभर जहाजं रिकामी उभी आहेत म्हणे. माल नाही. मागच्या खेपेला दोन महिन्यांत बोलावणं आलं होतं. या खेपेला पावसाळा गेला, दिवाळी गेली.
वारा वायव्येचा. पाणी शांत.

१४ नोव्हेंबर
विमानाची कॅसेट. टपाल घेऊन विमान चाललंय. पडदा जवळजवळ सगळा पांढरा, धुकं. खाली डोंगर आहेत, पण दिसत नाहीत. फक्त टिक टिक आवाज. डोंगर जवळ आला की टिक टिक घाईला येते. बास. कुणी गोळ्या घालत नाही, आपण कुणाला घालायच्या नाहीत.

मेसमध्ये ही लावली की ओरडा व्हायचा, टीव्ही बिघडला, बंद कर. आणि तिथे तो गोंगाट, पंखे, खालून इंजिन. टिक टिक ऐकू येणार कुठून? आज घर शांत होतं तेव्हा कळलं. खेळ वाईट नव्हता, चुकीच्या खोलीत होता.

मी सुकाणी. वीस-एक वर्षं जहाजाचं चाक धरलंय, मेट सांगेल त्या दिशेला. धुक्यात कान कसे उभे राहतात ते मला ठाऊक. दुपारी जेवायचं राहून गेलं.

१७ नोव्हेंबर
मुंगीचा खेळ. मुंगीने जमिनीखाली वाटा खणायच्या. बराच वेळ काहीच घडत नाही, नुसतं खणा. पोरांचा धीर इथेच सुटायचा. मग वरून पाणी येतं. तुम्ही आधी वाटा कशा काढल्यात, त्यावर सगळं. पाणी आल्यावर हातात काही उरत नाही, मशीनची दांडी सोडून बघत बसायचं.
तीनदा बुडाली. चौथ्यांदा वाचली. टाळी द्यायला शेजारी कुणी नाही.

स्वयंपाकघरातला रेडिओ मी खिडकीकडे सरकवून ठेवला होता. सु.ने आल्या आल्या परत जागेवर ठेवला. साखरेचा डबा, काडेपेटी, तिचा चष्मा, सगळ्याला जागा ठरलेल्या. मला ठरलेली जागा नाही. पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत बसतो.

२० नोव्हेंबर
फोन नाही.

२३ नोव्हेंबर, रवि.
सु. घरी. सकाळी मागच्या दारी तारा आली होती, मासे घेऊन. दोन घरं सोडून राहते, नवरा वारलाय, बाजारात मासे विकते. दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं, हळू आवाजात, सलग. मी पाणी प्यायला आत गेलो तशी तारा म्हणाली, "येतंय गो." टोपली उचलून गेली.
मी सु.ला म्हटलं, बस म्हणायचंस तिला.
"तिका कामा आसत."
मग दिवसभर आम्ही दोघं. ती कपडे, मी अंगण. जेवताना विचारलं, कचेरीत कसं काय? "बरा आसा." तिने विचारलं, भात वाढू? मी म्हटलं, थोडा.
लग्नाला इतकी वर्षं झाली. पण एकत्र राहिलेले महिने धरले तर नवीनच जोडपं म्हणायचं. मूल झालं असतं तर बोलायला विषय असता.

२७ नोव्हेंबर
गोदीचा खेळ. क्रेनने पेट्या उचलून जहाजात भरायच्या. वजन एका बाजूला गेलं की जहाज कलतं. हा नावडता का, ते सोपं आहे. ड्युटी संपवून आलेला खलाशी परत पेट्या कशाला भरेल? पण ज्याने बनवला त्याने गोदी बघितली असणार. जहाज अगदी खऱ्यासारखं कलतं, आधी कळत नाही, मग एकदम.
दिव्याचा खेळ मात्र खरोखर टाकाऊ, नुसते दिवे लावा आणि विझवा. सगळेच नावडते खेळ बिचारे नसतात.
सहाव्या कॅसेटवरचा कागद फाटलाय. लावली तर एक ठिपका आणि एक रेघ. काय करायचं समजत नाही.

२ डिसेंबर
कावळ्यांचा खेळ. शेत आहे, पीक पिकलंय. एक माणूस. वरून कावळे उतरतात. माणसाने कणसं गोळा करून खोपीत न्यायची आणि कावळेही हाकलायचे. मी धावतो एका टोकाला, ते उतरतात दुसऱ्या. दोन मिनिटांत शेत साफ.
मजा अशी की कावळे शिकतात. एकाच वाटेने दोनदा गेलात तर तिसऱ्यांदा ते वाट बघत बसलेले. ही अक्कल एवढ्याशा डब्यात कशी घातली असेल?
सु. आल्यावर तिला दाखवायला थांबलो होतो. तिने पर्स ठेवली, पाय धुतले. "बघ गो जरा," म्हटलं. दारात उभी राहून बघितलं.
"ह्यात जिंकूचा काय आसता?"
"काय नाय. धान्य वाचवचा."
"मगे?"
"मगे परत कावळे येतत."
"म्हंजे कचेरीसारख्याच," म्हणाली आणि आत गेली.
विनोद केला का तिने? केला असावा.

५ डिसेंबर
लाइट नव्हती दिवसभर. किनाऱ्यावर गेलो. लहानपणी बाबांबरोबर रापणीचं मोठं जाळं ओढायचो, तेव्हाचे सोबती जाळी शिवत होते. बसलो थोडा वेळ. मला बघून एकच प्रश्न, "जातलंस कधी?" मे महिन्यात विचारत होते, "इलंस कधी?" इलंस कधी आणि जातलंस कधी. मधलं कुणी विचारत नाही.

९ डिसेंबर
लिहून ठेवण्यासारखं झालं आज.
सु. लवकर आली, साहेब दौऱ्यावर होते. मी कावळ्यांशी झगडत होतो. ती मागे खुर्चीत बसून भाजी निवडत होती. मला वाटलं बघत नाहीये. एकदम म्हणाली,
"तुमी उगीच धावतास. थांबान बघा."
"थांबलंय तर शेत जायत."
"थांबा तर खरे."
थांबलो. मधोमध, दांडीवरचा हात सुटा. कावळे वर फिरत राहिले. उतरला नाही एकही. बुजगावणं झालं माणसाचं.
"पण मगे कणसा कोण हाडतलो?" मी.
तिने विळी बाजूला केली, हात पदराला पुसले, दांडी घेतली. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. परत एक. चोरासारखी चालली. खोपीत कणसं जमू लागली. पडद्यावर शेत बदललं, मोठं झालं. मी हे दुसरं शेत कधी बघितलंच नव्हतं. जहाजावरही कुणी बघितलं नसणार.
"तुका कसा समाजला?"
"आमच्या परड्यात लहानपणी माका कावळे राकूक बसयत. धावलंय काय ते हसत."
तिने परड्यात, घरामागच्या वाडीत, कावळे राखलेत हे मला माहीत नव्हतं.
भाजी तशीच राहिली. कुळथाची पिठी आणि भात खाल्ला.

१३ डिसें.
रोज तासभर. ती आली की चहा, मग कावळे. आळीपाळीने. तिचं पाचवं शेत, माझं तिसरं. मशीन बंद केलं की सगळं पुसतं, पुढल्या दिवशी परत पहिल्या शेतापासून. मला राग येतो. ती म्हणते, "बरा आसा. कालचा काय उरणा नाय."
खेळताना ओठ दाबून धरते. नवीन बघितलं.

१५ डिसें.
विमानही तिला दिलं. डोळे मिटून खेळली! टिक टिक ऐकत. डोंगरावर आपटली तेव्हा मोठ्याने हसली नाही, पण हसली.
बरे दिवस चाललेत. फोन आला नाही तरी चालेल असं आज पहिल्यांदा वाटलं.

१८ डिसें.
बबन घरी येऊन मशीन बघून गेला. देवळाच्या जत्रेत स्टॉल लावूया म्हणतो. "दादा, लोका तुटान पडतली." सु.ला विचारलं. "तुमचा आसा, तुमी ठरवा." देऊ नका असं म्हणायचं होतं का तिला? हो म्हणून टाकलं बबनला.

२१ डिसें., रवि.
जत्रा. बबनने दुकानातला टीव्ही आणला, पाटी रंगवली, 'परदेशी टीव्ही खेळ'. सुरुवातीला गर्दी खूप. एका दांडग्या माणसाने विमान घेतलं.
"हेच्यात बंदूक नाय?"
"नाय."
"मगे मारूचा कोणाक?"
"कोणाक नाय. पोचूचा."
"खंय?"
"पल्याड."
त्याने माझ्याकडे बघितलं, दांडी ठेवली आणि खाज्याच्या दुकानाकडे गेला. लाऊडस्पीकर, पिपाण्या, टिक टिक कुणाला ऐकू येते. मुंगी लावली. खणून खणून कंटाळले. कावळे लावले, सगळे धावत सुटले आणि शेत गमावून हसत निघून गेले. नाटकाची पेटी वाजू लागली तसा स्टॉल रिकामा.
बबन वायरी गुंडाळताना म्हणाला, "पुढच्या टायमाक चांगले कॅसेट हाड." त्याचं चुकलं नाही. पण मला लागलं. एवढं का लागावं? मी थोडेच बनवलेत.
सु. जत्रेला आली होती, बायकांबरोबर. ताराही होती. लांबून बघितलं. दोघींनी एकच बांगड्यांचं दुकान धरलेलं, बराच वेळ.

२३ डिसें.
सु.ला सर्दी. खेळलो नाही.

२६ डिसें.
संध्याकाळी ब्लेड आणायला बाजारात गेलो होतो. बबनकडे बसलो, फोन नाहीच. नेहमीपेक्षा लवकर परतलो. अंगणात पोचलो आणि आतून हसण्याचा आवाज. दोघींचा. तारा ओरडत होती, "गो मेले, तो बघ तो, मागसून इलो!" आणि सु. हसत होती. पोट धरून हसतात तसं, मध्ये श्वास घ्यायला थांबून परत. मी हे हसू ऐकलेलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षातही नाही.
पायरीवर उभा राहिलो. आत जाऊ नये असं वाटलं, पण माझंच घर. चपला काढल्या. त्या आवाजाने आतलं सगळं थांबलं.
तारा उठली होती. पदर सारखा केला, "येतंय गो," आणि मागच्या दाराने गेली. दांडी जमिनीवर पडलेली. पडद्यावर कावळे निवांत शेत खात होते.
"च्या ठेवतंय," सु. म्हणाली.

२७ डिसें.
विचारलं. तारा मला बघून का जाते?
"तशीच आसा ती."
"मी काय केलंय तिका?"
सु. तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.
"तुमी नसतास तेवा ती हय निजता. दोन्ही टायम हयच जेवता. तिच्या घरात कोण आसा? माझ्या घरात तरी कोण आसा? तुमी येवचा कळला काय माका तिका सांगूचा लागता, आता नको येव. दर टायमाक सांगतंय. तुमी दोन म्हयन्यांनी जातास म्हणान चलता. ह्या टायमाक..."
सूप परत पुढ्यात ओढलं. पुढचं मी विचारलं नाही.
म्हणजे घरातली माझी जागा रिकामी नव्हतीच. कुणीतरी होतं तिथे. मी येतो तेव्हा त्या बाईला उठावं लागतं. आणि ह्या खेपेला मे पासून ती आपल्या घरात एकटी जेवतेय.

३१ डिसें.
काही नाही. वारा उत्तरेचा, थंड.

२ जानेवारी १९८७
मूर्खपणा केला.
बाजारात ताराच्या पुढ्यात उभा राहिलो. म्हटलं, "तारा, सांजेक घराक ये. टीव्ही बघूक." मनात चांगलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बांगडे घेतास काय ते सांगा." आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. एक खाली बघून हसली. तेव्हा कळलं काय केलं ते.
सु.ला बस स्टँडवरच कळलं होतं. मी तिला एवढी चिडलेली बघितली नव्हती. "भर बाजारात विचारतत असा? तुमी जातलास जहाजार. तिका रोज थयच बसूचा आसा."
खरं आहे. मी जहाजावरच्या माणसासारखा बोललो, तिथे मेसमध्ये ये म्हटलं की येतात.
मशीनला हात लावला नाही कुणी.

५ जाने.
दुपारी एकट्याने मुंगी खेळलो. बुडवली. मुद्दाम.

८ जाने.
एक ठरवलंय. सु. एसटीने उतरायच्या आधी मी घराबाहेर पडतो. "फिराक जातंय," म्हणून सांगून ठेवलंय. दिवेलागणीनंतर परततो. मधल्या वेळात तारा येते. कुणी बोललेलं नाही, पण येते. उंबऱ्यावर ओल्या पायांचे ठसे असतात, चहाचे दोन कप धुऊन उपडे.
मशीन मी निघतानाच लावून ठेवतो, कावळ्यांची कॅसेट घालून. अँटेनाची वायर बाजूला. बातम्यांना ती स्वतः बदलते, आता जमतं तिला.

किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीला टेकून बसतो. काळोख पडेपर्यंत करायचं काय? लांबून एखादं मोठं जहाज जाताना दिसतं. ते बघावंसं वाटत नाही आणि दुसरं बघण्यासारखं काही नाही.

११ जाने., रवि.
रविवारी बाहेर जायला कारण नाही. तारा आली नाही. आम्ही दोघं कावळे खेळलो. सु. म्हणाली, "काल आमी धा नंबरच्या शेतात गेलंव." आमी. मग चपापली.
मी म्हटलं, थय काय आसता?
"पावस. कावळे झाडार बसान रवतत. कणसा भिजतत. आमका काय सुचला नाय."
मी दहावं शेत बघणार नाही बहुतेक. मला तेवढं थांबणं जमत नाही.

१४ जाने.
संक्रांत. तारा पुढच्या दाराने आली. तिळगूळ सु.च्या हातावर ठेवला, मग माझ्याकडे वळली. "घेवा." हातात दिला नाही, कठड्यावर ठेवला. मी घेतला. गोड बोला वगैरे कुणी म्हटलं नाही.
तरी आली.

१९ जाने.
बबन सायकल मारत आला. फोन आला. मालवाहू जहाज, मुंबईतून चढायचं, महिन्याच्या शेवटी. नऊ-दहा महिने. हो किंवा नाही, शुक्रवारपर्यंत तार करायची. नाही म्हटलं तर दुसऱ्याला देतील, आणि मग नाव यादीत तळाला.
बबन खूश. "दादा, ह्या टायमाक नवीन मशीन हाड." मी त्याला चहा दिला. साखर घालायला विसरलो.
सु. आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे बाहेर गेलो नव्हतो. ती दारातच थांबली. "काय झाला?"
सांगितलं.
"कधी?"
"म्हयन्याच्या शेवटाक."
तिने पर्स खुंटीला लावली. परत काढली, परत लावली. मग पाय धुवायला गेली. मागच्या दारात तिचा आवाज आला, ताराला सांगत होती, आज नको येव. नेहमीचं वाक्य. दर खेपेला ती मी येतोय म्हणून सांगते. आज मी जातोय म्हणून.

२० जाने.
जेवताना.
मी म्हटलं, "तुका काय वाटता?"
"माका कित्याक विचारतास? इतकी वर्सा कधी विचारलास?"
विचारलं नाही हे खरं. बोलावणं आलं की बॅग भरायची, एवढंच होतं. पोट त्यावर चालायचं. आता तिची नोकरी कायम झालीय, छप्पर घालून झालंय, मी नाही गेलो तर उपाशी मरणार नाही कोणी. म्हणूनच अवघड.
मी भात कालवत राहिलो. मग ती ताटाकडे बघत बोलली,
"खोटा कशाक सांगू? तुमी गेलास काय दोन दिवस घर खावक उठता. मगे बरा वाटता."
"आणि मी इलंय काय?"
"इलास काय दोन दिवस बरा वाटता."
मग आम्ही दोघंही हसलो. हसण्यासारखं काय होतं त्यात. तिने मला आमटी वाढली, मी पुरे म्हटलं नाही.

२१ जाने.
रजा टाकली नाही तिने. मी दिवसभर घरी. सगळ्या कॅसेट एकेकदा लावल्या, दिवासुद्धा.
हे खेळ बनवणारी माणसं कुठेतरी असतील. एखाद्या खोलीत महिनोन्‌महिने बसून कुणीतरी कावळ्यांना शिकायला शिकवलं. डोंगर लपवले. त्याला वाटलं असेल, लोक बघतील. आणि लोकांनी दोन मिनिटं धावून बघितलं आणि नवं मशीन घेतलं. त्याला कुणी सांगणार नाही की आमच्या शिरोड्यात एक बाई दहाव्या शेतापर्यंत गेली होती. पत्ता असता तर मी लिहिलं असतं.
फाटक्या कागदाची कॅसेट अजून कळली नाही. ठिपका आणि रेघ.

२२ जाने.
तिठ्यावर, तीन वाटा मिळतात तिथे, तारा समोरून आली. टोपली डोक्यावर, एकटीच. मी बाजूला झालो, ती जाईल म्हणून. थांबली. आजूबाजूला बघून घेतलं आणि मग बोलली. माझ्याशी नीट बोललेली पहिलीच वेळ.
"दादांनू, माका तुमचो राग नाय. तुमी आसताना माका थय दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखा वाटता, म्हणान उठतंय."
"तुझाच घर समज."
"समजान काय होता? घर तुमचा आसा. सगळ्यांका ठावक आसा, माका पण."
मग मी विचारलं. कधीचं विचारायचं होतं, पण विचारायला माणूस नव्हता. "मी गेलंय काय ती काय करता?"
तारा टोपली सावरत उभी राहिली.
"पयले चार दिवस तुमची चादर धुवक देणा नाय. मी हात लावलंय तर आरडता. मगे एक दिवस सगळा घर धुता, पडदे बिडदे सगळे. आणि गाणी म्हणता."
"आणि ह्या टायमाक रवलंय तर?"
"ता माका काय विचारतास? मी काय सांगू? मी सांगलंय तर माझ्या फायद्याचाच सांगतलंय." आणि निघाली. थोडं पुढे जाऊन मान न वळवता म्हणाली, "तिका विचारा. पण बाईमाणसाक एकदा विचारून भागणा नाय."

२३ जाने., शुक्र.
पोस्टात गेलो चार वाजता. तारेचा कागद मागितला. पोस्टमास्तर मुंबईकडचे, म्हणाले, "काय मजकूर आहे? शब्द थोडे ठेवा." मी पेन घेऊन उभा राहिलो. मागे दोघं-तिघं होते. 'येतो' लिहायचं की 'येत नाही', एका शब्दाचा फरक. लिहिता आलं नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि आंतर्देशीय पत्र मागितलं. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं, दिलं.
बबन म्हणतो, एजंट शनिवारी दुपारपर्यंत ऑफिसात असतो, फोन करून सांगता येईल. म्हणजे उद्यापर्यंत.

आज किनाऱ्यावर गेलो नाही. सु.ची एसटी आली. ताराही आली असती, पण मी घरात दिसलो म्हणून वळली असणार, कुंपणाशी तिचा पदर दिसला होता.
सु.ने दारातच विचारलं, "तार केलास?"
"नाय."
"बरा," म्हणाली.
साडी बदलली, घागर घेतली आणि विहिरीवर गेली. पाणी घरात भरलेलं आहे, सकाळी मीच भरलं.
हे 'बरा' कोणतं? कचेरीत कसं काय विचारल्यावर म्हणते ते, की दुसरं? आवाजावरून ठरवायला गेलो तर मला तिचा आवाजच पुरेसा माहीत नाही.
रहाटाचा आवाज थांबलाय. घागर भरली, पण ती अजून तिथेच आहे. वही ठेवतो. विहिरीवर जाऊनच विचारतो, जमलं तर दोनदा. आत आली की दोघं परत गप्प होऊ.